कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार

अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते. वरच्या अंगाला काकोळ्याचा तलाव, मागे मलंगगड, बदलापूरच्या दिशेला तावली आणि चंदेरीचा सुळका. पुढे उल्हासनगरात शिरली की सांडपाण्याने या नदीचा रंगच बदलतो आणि तशीच ती कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कर्जत लोकलच्या दारातून हे डोंगर पाहताना मला नेहमी चित्रकार आबालाल रहिमान आठवतात. ते इथले नव्हेत, कोल्हापूरचे. तरी त्यांच्याकडे जाणारी एक वाट याच मंदिरापासून निघते.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी विद्यार्थ्यांना घेऊन अंबरनाथला आले. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या या शिलाहारकालीन मंदिराची रेखाटनं करायची आणि शिल्पांचे साचे घ्यायचे, असं ते सरकारी काम होतं. नजर दगडावर ठेवून, मोजूनमापून करायचं. त्यानंतर बारा वर्षांनी त्याच कलाशाळेत आबालाल दाखल झाले. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा, त्यामुळे हाताला वळण लहानपणीच लागलेलं. १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं. मुंबईत राहिले असते तर साहेबांची आणि शेठजींची व्यक्तिचित्रं काढून सुखात जगले असते. ते कोल्हापूरला परतले, आणि मला वाटतं, त्यांच्या चित्रकलेतला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला. पण आबालालांचं मन रमलं ते कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी. तिथेच त्यांचं राहणं होतं. कोटितीर्थ, रंकाळा तलाव, पंचगंगेचा घाट ही पायी गाठता येणारी ठिकाणं त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवली. रंकाळ्यातला संध्यामठच घ्या. पावसाळ्यात पाणी त्याच्या दगडी खांबांवर चढतं, उन्हाळ्यात तो पुन्हा उघडा पडतो. अशी जागा एकदा पाहून कळत नाही. पाणी कुठवर आलं, दगडावरची ओल किती वर चढली, संध्याकाळचं ऊन कुठल्या खांबाशी सरतं, हे रोज जाणाऱ्यालाच दिसतं. आबालालांच्या जलरंगांत ही रोजची ओळख आहे. जे. जे.मध्ये शिकलेली घट्ट बाह्यरेषा त्यांनी हळूहळू सोडली. रंगाचे सुटे, ओले ठिपके शेजारी शेजारी येतात आणि जरा लांबून पाहिलं की त्यांचा उजेड होतो. समीक्षक त्यांचं नातं फ्रान्सच्या दृक्‌प्रत्ययवाद्यांशी जोडतात. ते मला पुरेसं वाटत नाही. त्यांना हे सगळं तळ्याने शिकवलं असावं.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. आकडा दर वेळी वेगळा असतो. आज त्यांची फार थोडी चित्रं पाहायला मिळतात, काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात. १९३१ च्या डिसेंबरात ते वारले. निसर्गचित्रांचा नाद मात्र कोल्हापुरात टिकला. सिनेनट चंद्रकांत मांडरे यांनी आपली निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या स्वतःच्या घरासकट सरकारच्या हवाली केली. तिथे आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

कोटितीर्थाजवळ १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला, तोही आबालालांच्या हयातीतच. पुढे शहर तळ्याच्या अंगावर आलं, पाणी बिघडलं. तरी जुनं कोटितीर्थ कसं होतं हे पाहायचं तर आबालालांच्या चित्रांचे कागद शिल्लक आहेत: झाडं किती जवळ होती, पाण्यात आभाळ कसं उतरायचं. वालधुनीचं जुनं पाणी कसं होतं हे विचारायला मात्र आपल्याला अंबरनाथच्या एखाद्या आजोबांच्या ओटीवरच जाऊन बसावं लागतं.