खर्च वाढला, फळ कुठे मोजायचे?

वर्णविभाजन दूर करण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने १९८५ नंतर अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या सरकारी शाळांवर सुमारे १२ वर्षांत जवळजवळ २ अब्ज डॉलर ओतले गेले. नव्या इमारती, प्रयोगशाळा, पोहण्याचे तलाव झाले. चाचण्यांतील गुण मात्र वाढले नाहीत. मग पैसा निरुपयोगी म्हणायचा का? एका शहरावरून आपण नियम मांडू शकत नाही. जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको यांनी २०१६ साली अमेरिकेतील अनेक शालेय जिल्ह्यांची तुलना प्रसिद्ध केली. बाराही वर्षे दरडोई खर्च १० टक्के जास्त मिळालेली मुले सरासरी ०.३१ वर्षे अधिक शिकली. मोठेपणी त्यांचे वेतनही सुमारे ७ टक्के जास्त होते. गरीब मुलांना लाभ अधिक झाला. तेव्हा फळ गुणपत्रिकेत मोजायचे की आयुष्यात, हे आपण आधी ठरवायला हवे.