आलेखाच्या अक्षांवरील मजकूर : तापीच्या पुराच्या आकड्यांनिमित्त

आलेख हा विज्ञान-शिक्षकाचा प्रांत, असे समजून भाषेचा अध्यापक त्यापासून दूर राहतो. परंतु आलेखाच्या दोन अक्षांवर जे चार शब्द लिहिले जातात, त्यांवरच वाचकाला रेषेचा अर्थ लागतो, आणि हे काम भाषेचेच आहे.

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून आलेली मराठीभाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. (तापीही खानदेशातूनच येते.) येथील विद्यार्थ्यांसाठी ऑगस्ट २००६ च्या पुराइतके जवळचे उदाहरण नाही. त्या वेळी उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक इतके पाणी सोडले गेले. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. हाच विसर्ग घनमीटरमध्ये मांडला तर आकडा सुमारे २५,५०० होतो. अक्षावर नुसते 'विसर्ग' लिहिले, तर एकच पूर एका आलेखात दुसऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान दिसेल. म्हणून राशीचे नाव आणि कंसात एकक, दोन्ही हवीत.

'पातळी' हा शब्द तर अधिकच फसवा. उकाईची पूर्ण संचय पातळी ३४५ फूट आहे. ती समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याची खोली नव्हे. शहरातील होप पुलाजवळची धोक्याची पातळी मात्र ९.५ मीटर अशी सांगतात. दोन्ही अक्षांवर केवळ 'पातळी' असल्यास विद्यार्थी त्यांची सरळ तुलना करतो, आणि चूक त्याची नसते.

आता संगणकाविषयी. काही कार्यक्रम नऊ लाखांपर्यंत आकडा पूर्ण छापतात आणि दहा लाखांला एकाएकी घातांकाची खूण टाकतात. सोपा उपाय असा : मूळ आकड्यांना एक लाखाने भागून वेगळा स्तंभ करावा, अक्ष ० ते १० ठेवावा व 'विसर्ग (लाख क्युसेक)' असे लिहावे. हजार आणि दशलक्षाच्या पट्टीपेक्षा आपल्या वाचकाला लाख चटकन कळतो.

तारखेचा अक्ष विशेष जपावा. पुराचे दिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातले. अमेरिकी रीतीने छापलेले ८/७ म्हणजे ७ ऑगस्ट, पण आपण ते ८ जुलै वाचतो. येथे '७ ऑगस्ट' असे महिन्याच्या नावासह लिहिणेच बरे.

राहिली लिपी. आलेख काढणाऱ्या काही कार्यक्रमांना देवनागरीची जोडणी जमत नाही. 'विसर्ग' मधील ऱ्हस्व वेलांटी 'व' च्या पुढे जाऊन बसते, रफार सुटतो. उर्दूत तर अक्षरे तुटतात आणि उलट्या क्रमाने लागतात, पण आकडे डावीकडून उजवीकडेच राहतात. त्यामुळे कंसातील एकक भलत्या टोकाला जाते. अशा वेळी अक्ष कोरा ठेवून आलेखाचे चित्र लेखन-कार्यक्रमात घ्यावे आणि मजकूर तेथे चौकटीत टंकावा. उभ्या अक्षाचा मजकूर फिरवलेला असतो, तेथील चूक नजरेतून निसटते. छापण्यापूर्वी कागद आडवा धरून तो एकदा मोठ्याने वाचावा.