वैमानिकापुढील कांचेचे फलक

ज्याच्या हातीं उत्तम यंत्र आलें त्याचें काम आपोआप उत्तम होतें, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज कितपत खरा आहे हें पाहण्यास लहान विमानांतील एका सुधारणेचा इतिहास फार उपयोगी आहे. म्हणून तो आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जुन्या धर्तीच्या लहान विमानांत वैमानिकासमोर सहा मुख्य तबकड्या असतात. वेग, उंची व चढउताराचा दर या तीन गोष्टी बाहेरील हवेच्या दाबावरून कळतात. कल, वळण व दिशा या तीन गोष्टी भोंवऱ्याप्रमाणें फिरणाऱ्या चाकांच्या योगानें कळतात. ‘ग्लास कॉकपिट’ या नव्या रचनेंत त्यांच्या जागीं बहुधा दोन मोठे विद्युत्पडदे असतात. एकावर वरील सर्व गोष्टी एकत्र दिसतात; दुसऱ्यावर नकाशा व एंजिनाची स्थिति दिसते. फिरत्या चाकांचें काम येथें सूक्ष्म संवेदक व संगणक करितात.

अमेरिकेंत ही रचना इतक्या झपाट्यानें पसरली कीं, २००६ सालीं तयार झालेल्या पिस्टन-एंजिनाच्या नव्या लहान विमानांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक विमानांत ती होती. आतां अपघात कमी होतील अशी सर्वांस आशा होती. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २००२ ते २००६ या वर्षांत बनलेल्या आठ हजारांहून अधिक विमानांची तुलना करून २०१० सालीं आपला निर्णय प्रसिद्ध केला. पडद्यांच्या विमानांस एकंदर अपघात कमी झाले होते. परंतु प्राणघातक अपघातांचें प्रमाण त्यांतच अधिक आढळलें! हीं विमानें लांबच्या प्रवासास व ढगाळ हवेंत अधिक वापरलीं जात, हें त्याचें एक कारण होय. तथापि शिक्षण यंत्राच्या मागें राहिलें आहे, हेंहि मंडळानें स्पष्ट सांगितलें.

असें कां व्हावें? एक तर निरनिराळ्या कंपन्यांच्या पडद्यांची मांडणी निरनिराळी असते. एकावरील संवय दुसऱ्यावर पुरत नाहीं. दुसरें, हवेचा दाब मोजणारा संगणक बिघडला तर वेग, उंची व चढउतार हीं तिन्ही एकदम नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं तांबडी फुली उमटते. तिसरें, सुंदर नकाशा पाहतां पाहतां वैमानिकाची दृष्टि खिडकीबाहेर जातच नाहीं.

म्हणून चांगले शिक्षक आतां निराळी रीति अनुसरतात. बटणांचा अभ्यास जमिनीवरच, नकली यंत्रावर, पुरा करून घेतात; कारण आकाशांत पुस्तक उघडण्यास सवड नसते. केवळ कृति पाठ न करवितां एखादा पुरा प्रवास कल्पून, “वाटेंत ढग आले, आतां काय कराल?” असें विचारतात. उड्डाण चालूं असतां मुद्दाम एक पडदा काळा करून उरलेल्या साध्या तबकड्यांवर विमान सांभाळावयास लावतात. ज्यास ही परीक्षा साधली, त्यासच पडद्याचा खरा उपयोग कळला, असें समजावें.

आपल्या महाराष्ट्रांतहि गोंदियाजवळ बिरसी येथील विद्यालयांत अशा विमानांवर वैमानिक शिकले आहेत. तेव्हां हा विषय परका नव्हे. आणि विमान न चालविणाऱ्यांसहि यांत बोध आहे. आज मुलांच्या हातीं सर्व उत्तरें देणारा पडदा आला आहे. तो त्यांच्या हातून काढून घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रानें उत्तर देण्यापूर्वीं मुलानें स्वतः अंदाज करावा, मग दोन्ही ताडून पहावीं, ही संवय आम्हीं शाळेंत व पालकांनीं घरीं लाविली पाहिजे. परमेश्वरानें दिलेली दृष्टि व विवेक यांचा सराव सुटला, तर पडदा काळा होईल त्या घटकेस हाताशीं कांहींच उरणार नाहीं.