पडद्यावरील पुरावा : स्लाइडांच्या मांडणीविषयीं कांहीं विचार

हल्लीं संशोधकांच्या संमेलनांत निबंध हातीं धरून वाचण्याऐवजीं पडद्यावर स्लाइड्स दाखवून विषय मांडण्याची पद्धति रूढ झाली आहे. ती निंद्य नव्हे. ज्या पत्राच्या वाचनावर वाद आहे, त्या पत्राचें चित्र शंभर श्रोत्यांस एकाच वेळीं दिसावें, ही सोय पूर्वींच्या संशोधकांस मिळती तर त्यांनीं ती आनंदानें स्वीकारिली असती. परंतु पुष्कळ स्लाइडांवर मूळ पत्र नखाएवढें आणि वक्त्याचीं वाक्यें भिंतभर, असा विपरीत प्रकार दृष्टीस पडतो. वक्ता तींच वाक्यें वाचून दाखवितो, श्रोता त्याच्या आधींच तीं वाचून संपवितो, आणि पुरावा कोणीच पाहत नाहीं. पुरावा पडद्यावर कसा मांडावा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हें साधन अगदींच नवें नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं इ. स. १८९२ मध्यें 'शांबरिक खरोलिका' या नांवानें, काचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडून पौराणिक कथांचे खेळ सुरू केले. तेथें चित्र पडद्यावर आणि कथन मुखानें, अशी कामाची वांटणी होती. संगणकावर स्लाइड्स रचण्याचा पॉवरपॉइंट हा प्रोग्राम इ. स. १९८७ मध्यें आला. त्यानें लेखनाची मोठी सोय केली, आणि त्या सोयीबरोबर कथनहि पडद्यावर जाऊन बसलें. आमच्या मतें बिघाडाचें मूळ येथें आहे. जें डोळ्यांनींच पाहावयाचें, तेवढेंच पडद्यावर असावें. जें सांगतां येतें, तें सांगावें.

मांडणीचे नियम शिकण्यासाठीं पोथीसंग्राहकांस फार दूर जावयास नको. पोथीचें पान आडवें, तशी स्लाइडहि आडवी. लेखक चारी बाजूंस समास सोडी, तांबड्या रेघांनीं मजकुराची मर्यादा आंखी, अध्यायसमाप्तीची पुष्पिका गेरूनें किंवा तांबड्या शाईनें वेगळी करी, चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावी, आणि सुटलेलें अक्षर काकपदाची खूण करून समासांत लिही. रंगास प्रत्येक ठिकाणीं नेमून दिलेलें काम होतें. स्लाइडवरील प्रत्येक रंग, रेघ व चौकट यांस हाच प्रश्न विचारावा : तुझें काम काय? उत्तर न मिळाल्यास तें खुशाल पुसून टाकावें. अक्षरें उडत येणें, पानें गरगर फिरणें वगैरे चमत्कार या एकाच कसोटीनें बाद होतात.

मात्र एक भेद विसरतां कामा नये. पोथी हातांत धरून वाचावयाची असते, स्लाइड सभागृहाच्या शेवटच्या रांगेंतून. म्हणून अक्षरें मोठीं व ओळी थोड्या असाव्या. देवनागरीस शिरोरेघेच्या वर व अक्षराच्या खालींहि मात्रा-उकार लागतात. ओळींतील अंतर रोमन लिपीच्या मापानें ठेविलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस जाऊन भिडतो. अक्षरें कृत्रिम रीतीनें जाड केलीं तर जोडाक्षरांचीं पोटें बुजतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. एका सभेंत आमच्या संस्कृत अवतरणांची अशी दुर्दशा झाली, तेव्हां आम्हांस तीं स्मरणानें म्हणावीं लागलीं. मजकूर युनिकोडमध्यें लिहावा आणि पीडीएफ प्रत जवळ ठेवावी, हा त्यावर उपाय.

मूळ पत्राचें चित्र घेतांना शेजारीं मोजपट्टी ठेवावी. चित्र जागेंत बसविण्यासाठीं तें एका दिशेनें ताणूं नये. तसें केल्यास अक्षराचें वळणच बदलतें, आणि वळणावरून काल किंवा लेखक ठरविणाऱ्याची फसगत होते. जुन्या कागदाच्या पिंगट रंगाभोंवतीं झगझगीत पांढरी पार्श्वभूमि असूं नये. करडी किंवा काळसर बरी.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका मोडी पत्रावर जमादिलाखर महिन्याच्या आरंभींची तारीख असून सनाचे शब्द 'इहिदे सितैन मया व अलफ' असे आहेत. हा सुहूर सन ११६१, म्हणजे इ. स. १७६०-६१. पत्र १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईपूर्वीं थोड्या दिवसांचें ठरतें. परंतु पहिल्या शब्दावर कसर लागली असून तो 'इसन्ने' असाहि वाचतां येत असेल, तर सन ११६२ होतो, आणि तेंच पत्र लढाईनंतर जवळजवळ एक वर्षानें लिहिलेलें ठरतें. अशा वेळीं पहिल्या स्लाइडवर अखंड पत्र दाखवावें. दुसरीवर केवळ सनाची ओळ मोठी करून, तिच्या खालीं अक्षरशः वाचन द्यावें, आणि संशयित शब्द कंसांत प्रश्नचिन्हासह लिहावा. संशय केवळ तांबड्या रंगानें दाखवूं नये, कारण मंद प्रोजेक्टरावर तो रंग काळ्यांत मिसळतो आणि कित्येकांच्या डोळ्यांस तो ओळखतांहि येत नाहीं. शीर्षकांत 'पानिपतपूर्वींचें अप्रसिद्ध पत्र' असें लिहून प्रश्नचिन्ह तळाशीं बारीक अक्षरांत ठेविलें, तर श्रोता शीर्षक तेवढें घेऊन घरीं जातो. 'सनाचें पहिलें पद संशयित; इहिदे हें वाचन अधिक संभवनीय' हेंच शीर्षक असावें.

हा बारकावा क्षुल्लक नव्हे, याचें दारुण प्रमाण उपलब्ध आहे. जानेवारी २००३ मध्यें 'कोलंबिया' या अमेरिकन अंतराळयानाच्या उड्डाणाच्या वेळीं इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळांत असतांच अभियंत्यांनीं धोक्याचा विचार करून आपले निष्कर्ष स्लाइडांवर मांडले. एका स्लाइडचें शीर्षक धीर देणारें होतें. तळाच्या उपकलमांत मात्र असें होतें कीं, तुकडा १९२० घन इंचांचा धरला आहे, आणि आधारास घेतलेले प्रयोग ३ घन इंचांचे. म्हणजे अंतर ६४० पट. १ फेब्रुवारी रोजीं परत येतांना यान भंगलें आणि कल्पना चावला यांसह सातहि अंतराळवीर मृत्यु पावले. अपघाताचीं कारणें अनेक होतीं. परंतु तपास मंडळानें त्याच वर्षींच्या अहवालांत, तांत्रिक निबंधांच्या जागीं स्लाइड्स वापरण्याच्या रीतीवर ठपका ठेविला, आणि एडवर्ड टफ्टी यांनीं केलेल्या त्या स्लाइडच्या चिकित्सेचा समावेश केला.

सनाच्या चुकीनें कोणाचा प्राण जात नाहीं हें खरें. पण चुकीचा सन एकदां ग्रंथांत शिरला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निघत नाहीं. म्हणून निश्चय जेवढ्या मोठ्या अक्षरांत, संशयहि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावा. आणि स्लाइड ही निबंधाची प्रतिनिधि नव्हे : संपूर्ण वाचन, आधार व शंका यांचें लेखी टिपण श्रोत्यांच्या हातीं द्यावें. पडदा विझल्यावर वादासाठीं तेंच उरतें. इत्यलम्‌.