ओळखीचा चेहरा, तोतया माणूस

पॅरिसमधील एका बाईंचा असा दृढ समज झाला होता की, आपले पती व कन्या यांना कोणी लांबविले असून घरात वावरणारी माणसे हुबेहूब त्यांच्यासारखी दिसणारी तोतये आहेत. इतकेच नव्हे, तर शहराच्या तळघरांतून माणसे कोंडली आहेत, अशी फिर्यादही त्यांनी पोलिसांत गुदरली. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच वैद्याने सहकाऱ्यासह १९२३ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. भाऊसाहेबांचा तोतया आपल्या इतिहासात गाजला खरा, पण तेथे माणूस खोटा होता. येथे माणसे खरी आणि प्रत्यय खोटा.

या भ्रमाची एक उपपत्ती अशी की, चेहरा ओळखणारी मेंदूतील यंत्रणा शाबूत असते, मात्र त्या दर्शनासरशी उमटणारा आपुलकीचा भाव उमटत नाही. १९९७ साली अशा रुग्णांच्या त्वचेची विद्युत्-वाहकता मोजली, तेव्हा परिचित चेहऱ्यांनाही अपेक्षित प्रतिसाद आढळला नाही. तथापि भाव हरपलेला प्रत्येक जण तोतयाची कल्पना लढवीत नाही. तेव्हा त्या विपरीत निष्कर्षाची छाननी करणारी विवेकशक्तीही दुबळी झालेली असावी, आणि म्हणूनच घरच्यांचे शपथपूर्वक पुरावे येथे व्यर्थ ठरतात, हे मत मला अधिक ग्राह्य वाटते. भाव हरपतो तो मात्र दर्शनापुरताच असावा, असे दिसते. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी वर्णिलेल्या एका रुग्णाला समोर उभे असलेले आईवडील बनावट वाटत. टेलिफोनवर तो त्यांना विनातक्रार ओळखी.