आत गेलेला श्वास बाहेर का येईना?

कर्नाटकातल्या अळणावर जंक्शनवरून दांडेलीचा रेल्वेफाटा फुटतो, तशा छातीत श्वासनलिकेला शाखा फुटतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे सुमारे 23 टप्पे. शेवटच्या टोकाला 30 कोटींहून जास्त वायुकोश!

अडतं कुठे? सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार. यात श्वास घेण्यापेक्षा सोडणं जास्त कठीण. वर्षानुवर्षं धूर गेला की नळ्यांना आतून सूज येते, कफ वाढतो आणि तो वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात. वायुकोशांच्या भिंती विरल्या की फुप्फुसाची लवचीकता जाते. मग श्वास सोडतानाच बारीक नळ्या मिटतात, हवा आतच कोंडते आणि छाती फुगलेली दिसू लागते. सुरुवात होते 2 मिलिमीटरहून बारीक नळ्यांत, तीही गुपचूप. चढावर धाप लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

हा आजार फक्त बिडीवाल्यांचा? मुळीच नाही! पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की, जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. मोठा दोषी चुलीचा धूर. अळणावर मलनाडच्या उंबऱ्यावर, पाऊस भरपूर. ओली लाकडं नुसती धुमसतात आणि फुंकणी घेऊन तोंड चुलीशी नेणारी असते घरातली बाई. तिच्या खोकल्याला ‘वयाचा खोकला’ म्हणून सोडून देणं मला फार जाचतं.

अर्थात बिडीही सुटत नाही. ती लबाड. ती सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल.

डासांची कॉइल? एका कॉइलच्या सूक्ष्म धूलिकणांची बरोबरी 75 ते 137 सिगारेटींशी केली गेली आहे. खिडकी उघडा, कॉइल विझवा, मच्छरदाणी लावा.

आजार ओळखायला एका सेकंदाची परीक्षा. जॉन हचिन्सनने 1846 साली जगापुढे आणलेल्या स्पायरोमीटरच्या, म्हणजे श्वास मोजणाऱ्या यंत्राच्या, आजच्या अवतारात जोरात फुंकायचं. औषधाचा फवारा दिल्यानंतरही फुंकलेल्या एकूण हवेपैकी 70 टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर नळ्या अडल्याची शंका. एक्स-रेवर हे सुरुवातीला दिसेलच असं नाही.

ओठांची युक्ती. ओठ आवळून सावकाश श्वास सोडला की नळ्यांत दाब टिकतो, त्या उशिरा मिटतात आणि कोंडलेली हवा निघते. कितीतरी रुग्णांना हे कुणी न शिकवताच सापडतं.