कारखान्यातला ‘ई अँड आय’ शिकाऊ उमेदवार नेमकं काय शिकतो? करार नोंदवलेला नसेल तर वर्ष कसं वाया जातं?

आयटीआयचा निकाल लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती फिरायला लागतात. ‘ई अँड आय मेंटेनन्स ट्रेनी पाहिजेत, राहण्याची सोय, लगेच जॉइनिंग.’ वीजतंत्री झालेल्या मुलाला त्यातलं ‘ई’ कळतं, ‘आय’ कळत नाही. घरच्यांना तर ‘ट्रेनी’ आणि ‘शिकाऊ उमेदवार’ एकच वाटतं. इथेच पुष्कळ मुलांचं वर्ष हुकतं, कारण कायद्याने शिकाऊ उमेदवार वेगळा आणि ठेकेदाराने ‘ट्रेनी’ म्हणून लावलेला पोरगा वेगळा. काम दोघांचं एकसारखं दिसेल, पण वर्षाअखेरीस हातात पडणारा कागद एकसारखा नसतो.

आधी काम काय असतं ते पाहू.

‘ई’ आणि ‘आय’ म्हणजे काय?

शेतातल्या विहिरीचंच उदाहरण घ्या. मेन स्विच, स्टार्टर, केबल आणि मोटर ही इलेक्ट्रिकल बाजू. टाकी भरली की मोटर बंद करणारा फ्लोट आणि ठिबकच्या फिल्टरवरचं प्रेशर गेज ही इन्स्ट्रुमेंटेशनची बाजू. म्हणजे एकाचं काम ताकद पोहोचवायचं आणि दुसऱ्याचं काम मोजायचं, मोजून हुकूम सोडायचा. कारखान्यात हेच शेकडो ठिकाणी चालू असतं आणि दोन्हीची देखभाल करणारा तो ई अँड आय टेक्निशियन.

साखर कारखाना आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. गव्हाणीत मोळी पडली की पुढे केन कॅरिअर, मिल, ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर, पॅन, सेंट्रिफ्युगल, आणि मागे बगॅसवर चालणारा बॉयलर व टर्बाइन. यातली मोटर जळाली की लगेच कळतं, पट्टा थांबतो. मोजणारं उपकरण चुकीचं सांगू लागलं तर मात्र कळतही नाही, सगळं चालूच असतं. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी खरी कमी झाली आणि पडद्यावर ती नेहमीसारखीच दिसत राहिली, तर ट्यूब तापून फुटू शकतात. पातळी जास्त झाली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जातं आणि पाती खराब होतात. म्हणून इन्स्ट्रुमेंटवाल्याचं काम हलकं समजू नये. तो हातात फक्त मीटर आणि लहान स्क्रू ड्रायव्हर घेऊन फिरतो, म्हणून लोकांना तसं वाटतं.

चार ते वीस मिलीॲम्पिअरची गोष्ट

शिकाऊ उमेदवाराला पहिल्या काही आठवड्यांतच एक आकडा पाठ होतो, ४ ते २० मिलीॲम्पिअर. प्रेशर, पातळी, प्रवाह काहीही मोजायचं असलं तरी ट्रान्समीटर ते मोजून दोन तारांमधून करंटच्या रूपात कंट्रोल रूमला पाठवतो. समजा ट्रान्समीटर ० ते १० किलो प्रेशरसाठी लावलेला आहे. मग ४ मिलीॲम्पिअर म्हणजे ० किलो, १२ म्हणजे ५ किलो आणि २० म्हणजे १० किलो.

सुरुवात शून्यापासून न करता चारपासून का? कारण शून्याला दोन अर्थ झाले असते, प्रेशर नाही किंवा तार तुटली. आता ४ आलं तर प्रेशर खरंच शून्य आहे, आणि ० आलं तर तार तुटली, फ्यूज गेला किंवा सप्लाय नाही. एवढं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलं त्याला बिघाड शोधायला दिशा मिळते. ट्रान्समीटर बदलायचा की केबल तपासायची, हे तो जागेवर जाण्याआधीच सांगू शकतो.

तापमानाचंही असंच आहे. पीटी-१०० नावाचा सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम दाखवतो आणि १०० अंशाला १३८.५ ओहम. मे महिन्यात बाहेरच ४० अंश असताना सुटा सेन्सर मल्टिमीटरला लावला तर साधारण ११५.५ यायला हवं. तसं आलं तर सेन्सर ठीक आहे, दोष पुढे आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. हा हिशोब शिकवायला कोणी सीनिअर पाच मिनिटं थांबला, तर मुलाचे पाच दिवस वाचतात. दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी तो थांबत नाही, म्हणून मुलाने स्वतः विचारायची सवय ठेवावी.

एकाची सवय दुसऱ्याचा घात

वीजतंत्री झालेल्या मुलाच्या हातात मेगर असतो. मोटर किंवा केबलचं इन्सुलेशन ठीक आहे का हे तो मेगरने पाहतो. ४१५ व्होल्टच्या मोटरला साधारणपणे ५०० व्होल्टचा मेगर लावतात. तीच सवय इन्स्ट्रुमेंटच्या केबलवर चालवली आणि टोकाला २४ व्होल्टवर चालणारा ट्रान्समीटर जोडलेलाच असला, तर त्याचं कार्ड उडू शकतं. ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरचंही तेच, केबल ड्राइव्हपासून सोडवल्याशिवाय मेगर लावायचा नाही. याउलट नुसता इन्स्ट्रुमेंट शिकलेला मुलगा २४ व्होल्टच्या सवयीने पॅनेलमध्ये हात घालतो आणि शेजारीच ४१५ व्होल्टचा बसबार असतो. म्हणून दोन्ही बाजू एकत्र शिकवणारी जागा मिळाली तर ती सोडू नये.

हंगाम आणि ऑफ सीझन

गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामात काम पळापळीचं असतं, मिल थांबलेली कोणालाच परवडत नाही. अशा वेळी शिकाऊ मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा हत्यारं धरणं आणि पाहणं येतं. खरं शिक्षण ऑफ सीझनला. मोटरी खोलल्या जातात, बेअरिंग बदलतात, पावसाळ्यात ओल धरलेली वाइंडिंग वाळवून पुन्हा मेगर घेतात. ट्रान्समीटर काढून टेबलावर आणतात, माहीत असलेलं प्रेशर देऊन आउटपुट बरोबर येतं का पाहतात आणि नोंद करतात. कंट्रोल व्हॉल्व्ह उघडून स्टेम आणि सीट तपासतात. मोटर आतून कशी असते हे मुलगा पहिल्यांदा तेव्हाच निवांत पाहतो. म्हणून ‘ऑफ सीझनला काही काम नसतं, गावी जाऊन येतो’ असं म्हणून सुट्टी टाकणाऱ्या मुलाने विचार करावा.

जीवाचा प्रश्न

या कामात चूक दुरुस्त करायची संधी प्रत्येक वेळी मिळत नाही. गावात चालू लाइनवर हात चालवणाऱ्याला ‘धाडसी’ म्हणतात. कारखान्यात तशा माणसाला कामावर ठेवू नये, अशी पद्धत असायला हवी.

काम सुरू करण्याआधी परमिट घ्यायचं, फीडर बंद करायचा आणि त्यावर स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मित्राला किंवा फोरमनला किल्ली द्यायची नाही. मग टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो चालतो का पाहायचं, नंतर आपल्या जागेवर सप्लाय नाही हे पाहायचं, आणि पुन्हा एकदा चालू जागेवर टेस्टर तपासायचा. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात, पण मधल्या वेळात टेस्टरच बंद पडला असेल तर? ड्राइव्ह बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. पाटीवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी थांबायचं. आणि करंट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूची तार लोड चालू असताना कधीही सोडायची नाही, तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होऊ शकतो.

नव्या मुलाला कोणी म्हणालं, ‘अरे दोन मिनिटांचं काम आहे, परमिट कशाला?’ तर नाही म्हणायची हिंमत त्याच्यात असली पाहिजे. घरच्यांनीही त्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसणार नाही.

कायदा काय म्हणतो?

शिकाऊ उमेदवारी चालते ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. म्हणजे कंपनी मुलाला शिकाऊ म्हणून घेते ती उपकार म्हणून नाही.

उमेदवार आणि मालक यांच्यात करार होतो आणि तो सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवला जातो. उमेदवार १८ वर्षांखालचा असेल तर पालकाची सही लागते. नोंदणीसाठी उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. ‘फॉर्मचे दोन हजार, गणवेशाचे तीन हजार’ असं सांगणारा मधला माणूस भेटला तर तिथूनच मागे फिरावं.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमदुरुस्तीत ठरले. आयटीआय उत्तीर्णाला महिना ७,००० रुपये, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. त्यामुळे सही करताना त्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहावा आणि करारातला आकडा त्याच्याशी जुळतो का बघावा. हे किमान दर आहेत, कंपनी जास्त देऊ शकते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही हिस्सा सरकार थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात टाकतं. म्हणून जॉइन होण्याआधी खातं आधारशी जोडलेलं आहे का ते तपासावं, नाहीतर पैसे अडकतात आणि दोष कंपनीला दिला जातो.

काही गोष्टी मनाविरुद्ध वाटतील, पण माहीत असाव्यात. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. मुदत संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नाही, करारात तशी अट असेल तरच. ‘वर्षभर राहा, मग परमनंट करतो’ हे तोंडी आश्वासन म्हणून कशातच जमा नाही. दुसरीकडे, कारखान्यांसाठीच्या कायद्यातल्या आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी शिकाऊ उमेदवारालाही लागू होतात. प्रशिक्षणात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला जादा वेळ कामाला लावता येत नाही.

आता ठेकेदाराच्या ‘ट्रेनी’कडे पाहा. त्याचा करार पोर्टलवर नाही, त्यामुळे वर्षानंतर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळत नाही. पगार कधीकधी दोन-तीन हजारांनी जास्त असतो, हेही खरं. ज्या घराला आजच पैशाची गरज आहे त्याने ती वाट धरली तर त्यात चूक नाही. पण ती नोकरी आहे हे समजून धरावी, शिकाऊ उमेदवारी समजून नाही.

जागा कुठे शोधायच्या?

आयटीआयला वीजतंत्री आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन्ही व्यवसाय दोन वर्षांचे आहेत, आणि दोन्हींना गणित-विज्ञान घेऊन दहावी लागते. वीजतंत्रीसाठी गर्दी असते, दुसऱ्याचं नावच अनेकांनी ऐकलेलं नसतं. शेतकऱ्याच्या मुलीही या व्यवसायाला येऊ शकतात, ट्रान्समीटर जुळवायला दंडाची ताकद लागत नाही.

महावितरणची मंडळ कार्यालये वेळोवेळी वीजतंत्री आणि तारतंत्री शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती काढतात. तिथे लाइन, ट्रान्सफॉर्मर आणि मीटरचं काम शिकायला मिळतं, इन्स्ट्रुमेंटची बाजू फार नाही. ज्याला ‘आय’ शिकायचं आहे त्याने औष्णिक वीज केंद्रं, खत आणि रसायन कारखाने, दूध प्रकल्प, को-जनरेशन व डिस्टिलरी असलेले साखर कारखाने आणि जवळच्या एमआयडीसीतल्या औषध कंपन्या पाहाव्यात. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ इथली महानिर्मितीची केंद्रं आणि अलिबागजवळ थळचा आरसीएफ हे त्यातले मोठे. मात्र व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात त्या त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडली तरच अर्ज भरावा.

मुलाखतीला गेल्यावर मुलानेही तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. करार पोर्टलवर कधी नोंदवणार? इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट दोन्ही विभागांत किती किती महिने ठेवणार? शिकवायला कोण असेल? पहिल्या प्रश्नाला ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर जागा कितीही मोठ्या नावाची असो, जपून.

जॉइन झाल्यावर महिनाभरात पोर्टलवर लॉगिन करून करार दिसतो का ते पाहावं आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये तसेच घरच्या कोणाकडे ठेवावी. विद्यावेतन थकलं, करारच दिसत नसेल किंवा शिकवण्याऐवजी दुसऱ्याच कामाला लावलं जात असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जासोबत कराराची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि हजेरीचा काही पुरावा जोडावा. गेट पासचा फोटोही चालतो.